ड्रॉपर पोस्ट असलेल्या माउंटन बाइकवर सामान कसं बांधायचं

सीटमागे लांब शेपटीसारखी निघणारी १४-१६ लिटरची सीट बॅग साध्या सीटपोस्टसाठी बनलेली असते. तीच ड्रॉपरवर, म्हणजे हँडलबारवरचा लिव्हर दाबून चालवता चालवता खाली-वर करता येणाऱ्या सीटपोस्टवर, बांधली की दोन गोष्टी होतात: सीट खाली घेताच बॅग मागच्या टायरवर टेकते, आणि बॅगेचा पट्टा पोस्टच्या सर्वांत नाजूक भागाला आवळून बसतो. यावर पुष्कळ जण ड्रॉपर काढून साधी पोस्ट बसवतात. आमच्या मते हे उलटं आहे. सामानाने जड झालेली बाइक खडकाळ उतारावर सावरायची तर सीट वाटेतून बाजूला होणं रिकाम्या बाइकपेक्षाही जास्त गरजेचं असतं. ड्रॉपर राहू द्या, सामानाची जागा बदला. आणि कुठलीही बॅग घेण्याआधी बाइक मोजा.

मोजमाप

बाइक रिकामी असताना केलेलं मोजमाप फसवं असतं. सीट पूर्ण खाली आणि मागचं सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं, या अवस्थेत सीटच्या रेल्स (सीटखालच्या दोन दांड्या) आणि टायर यांच्यात किती जागा उरते, तो आकडा हवा.

शॉक, म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा दबणारा भाग, हवेवर चालणारा (एअर शॉक) असेल तर आधी आतलं प्रेशर लिहून ठेवा. मग हवा सावकाश, थोडी थोडी सोडा आणि मध्ये मध्ये सीट हलकेच दाबत राहा. हवा झटक्यात सोडली तर काही शॉकमध्ये खालच्या कप्प्यातली हवा अडकते आणि शॉक दबलेल्या अवस्थेतच बसून राहतो. हवा गेली की ड्रॉपर खाली करा, सीटवर भार देऊन शॉक शेवटपर्यंत दाबा आणि दुसऱ्या कुणाला तरी टेपने अंतर मोजायला सांगा. बॅगेचा सर्वांत खालचा भाग टायरच्या ज्या जागेवर येणार, तिथेच मोजायचं. कॉइल शॉकची स्प्रिंग उतरवून हेच करता येतं. ते नको असेल तर हिशेब मांडा.

समजा, ड्रॉपर पूर्ण वर असताना रेल्सपासून टायरपर्यंत ३३० मिमी अंतर आहे. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे ते वर-खाली होण्याचं अंतर, १२० मिमी आणि ड्रॉपर १५० मिमीचा. दोन्ही वजा केले की ६० मिमी उरतात. टायर आणि बॅग यांच्यात किमान २० मिमी मोकळे हवेत, म्हणजे बॅगेच्या वाट्याला येतात जेमतेम ४० मिमी. एवढ्यात ट्यूब आणि टायर लिव्हर मावतील. आता उलटा हिशेब करा. भरलेली बॅग १०० मिमी उंच असेल तर ३३० मधून १२०, १०० आणि २० वजा करून ९० मिमी ड्रॉप वापरता येईल. हार्डटेलला, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या बाइकला, ट्रॅव्हलचे १२० मिमी वजा होत नाहीत, त्यामुळे तीच बॅग ठेवून पूर्ण १५० मिमी ड्रॉप मिळतो आणि बॅग आणि टायर यांच्यात ८० मिमी जागा शिल्लक राहते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. शॉकवरची रबरी रिंग शॉकचा स्ट्रोक दाखवते, चाकाचा ट्रॅव्हल नाही. १२० मिमी ट्रॅव्हलच्या फ्रेममध्ये शॉक साधारण ४५ ते ५० मिमीच दबतो. हिशेबात चाकाचाच आकडा घ्या. नाहीतर बॅगेच्या तळाला भोक पडेल आणि ते कळेल तोवर आतलं जॅकेट टायरने खाल्लेलं असेल.

स्टँशनला पट्टा लावू नका

ड्रॉपरचे दोन भाग: फ्रेममध्ये घट्ट बसणारी बाहेरची नळी आणि तिच्यात वर-खाली होणारी गुळगुळीत नळी, म्हणजे स्टँशन. साध्या सीट बॅगेचा वेल्क्रो पट्टा नेमका स्टँशनला गुंडाळला जातो. त्यात अडकलेली धूळ प्रत्येक धक्क्याला सँडपेपरसारखी घासते आणि स्टँशनवरचा थर झिजतो. त्या खरबरीत जागेवरून सील जाऊ लागलं की घाण आत शिरते आणि पोस्ट अडखळायला लागते. शिवाय बॅग डावी-उजवीकडे झोके घेते तो सगळा भार स्टँशनला सरळ धरणाऱ्या आतल्या बुशिंगवर येतो, त्यामुळे सीट हाताने हलवली तर खडखडते.

सीट बॅग लावायचीच असेल तर स्टँशनच्या अगदी वरच्या टोकाला, सीट क्लॅम्पच्या लगेच खाली एक वेगळी कडी बसवा आणि पट्टा तिच्यावर आवळा. वुल्फ टूथची ‘वॅले’ ही अशीच कडी आहे, २५ मिमी स्टँशनसाठी. पोस्टवर लिहिलेला ३०.९ किंवा ३१.६ हा आकडा बाहेरच्या नळीचा असतो. स्टँशनची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजूनच कडी मागवा. कडी बसवण्याआधी स्टँशन स्वच्छ पुसा. खाली एक खडा राहिला तरी ओरखडा कायमचा. कडी जेवढी उंच, साधारण तेवढा ड्रॉप जातो, कारण ती बाहेरच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या कॉलरच्या आत जाऊ शकत नाही. हेही वरच्या हिशेबात धरा.

ड्रॉपरसाठी मिळणाऱ्या सीट बॅगा आखूड असतात. त्यांत पफ जॅकेट, कपडे, स्लीपिंग बॅगेचं आतलं अस्तर असं हलकं आणि दबणारं सामान भरा. दीड किलोच्या वर जाऊ नका. त्यातल्या त्यात जड वस्तू पोस्टच्या बाजूला, हलक्या शेपटीकडे. कार्बन रेल्सच्या सीटवर बॅग बांधण्याआधी उत्पादकाची सूचना वाचा, कारण पट्टा घासून कार्बन झिजतं. धातूच्या रेल्सवरही पट्ट्याखाली जाडसर संरक्षक टेप लावलेली बरी.

ड्रॉप किती कमी करायचा

हिशेबात ९० मिमी आले आणि पोस्ट १५० ची असेल तर घाईत लिव्हर दाबल्यावर सीट ९० वर आपोआप थांबणार नाही. लक्षात ठेवून वापरू, असं म्हणून चालत नाही. उतारावर ते लक्षात राहत नाही. काही पोस्टचा ट्रॅव्हल आतून कमी करता येतो: वनअपच्या पोस्टमध्ये छोट्या पिना टाकून १० किंवा २० मिमी, पीएनडब्ल्यूच्या काही पोस्टमध्ये ३० मिमीपर्यंत. तेवढ्याने भागत नसेल तर बॅग लहान करा किंवा भार सीटपासून पूर्णपणे काढा.

भार कुठे न्यायचा

सर्वांत आधी फ्रेम बॅग भरा. पाणी, हत्यारं, सुटे भाग, खाणं, स्टोव्हचं इंधन असं जे जे जड ते तिथे, शक्य तितकं खाली. फुल-सस्पेन्शन फ्रेममध्ये त्रिकोण लहान असतो आणि शॉक हलतो, म्हणून शॉक पूर्ण दाबून बॅगेचा पट्टा किंवा चेन शॉकला जोडलेल्या हलत्या सांध्यांमध्ये (लिंकमध्ये) अडकत नाही ना ते बघा. ड्रॉपरची केबल फ्रेमच्या बाहेरून जात असेल तर पट्टा तिच्यावरून आवळू नका. केबल दबली की पोस्ट एक तर सुटत नाही किंवा लॉक होत नाही.

मागे जास्त जागा हवी असेल तर थ्रू-अ‍ॅक्सलवर बसणारं, म्हणजे मागच्या चाकाच्या आरपार जाणाऱ्या दांड्यावर टेकणारं कॅरिअर हा आमच्या दृष्टीने सर्वांत चांगला उपाय. ओल्ड मॅन माउंटन कंपनीची कॅरिअर फ्रेमला भोकं नसली तरी अ‍ॅक्सलवर बसतात. अ‍ॅक्सल मात्र तुमच्या हबची लांबी आणि आटे बघून मागवावा लागतो. या पद्धतीत सामान चाकाबरोबर वर-खाली होतं, त्यामुळे टायरपासूनचं अंतर बदलत नाही. पण दबलेल्या शॉकमुळे सीट कॅरिअरवरच्या सामानाकडे खाली येते. तेही मोजा. सामान चाकाबरोबर हलतं म्हणून मागचं चाक आदळतं जास्त, तेव्हा इथेही हलकं आणि फुगीर सामानच ठेवा.

हँडलबारवर तंबू आणि स्लीपिंग बॅगेची वळकटी. पुढच्या फोर्कची हवा सोडून टायर वळकटीला लागत नाही ना ते पाहा, ब्रेकच्या नळ्यांना तीव्र वळण येऊ देऊ नका आणि ड्रॉपरचा लिव्हर मोकळा ठेवा. वळकटी लिव्हरला टेकत असेल तर धक्क्यासरशी पोस्ट सुटते आणि बसल्या बसल्या सीट खाली जाते. वळकटी हँडलबारपासून पुढे धरणारे ठोकळे किंवा हार्नेस लावला की हा त्रास संपतो. सस्पेन्शन फोर्कच्या खालच्या पायांवर पिंजरा लावता येतो, दर बाजूला एक किलोच्या आसपास, ब्रेकची नळी टाळून.

बांधून झाल्यावर

सीट क्लॅम्प. सामान वाढलं म्हणून तो जास्त आवळायचा मोह होतो. बहुतेक क्लॅम्पना ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात. त्याहून जास्त आवळला तर बाहेरची नळी किंचित चेपते आणि पोस्ट हळू वर येते. पोस्ट खाली घसरत असेल तर क्लॅम्प जास्त न आवळता पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावा.

सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबून बसतं ते, पूर्ण सामान लादून, तुम्ही राइडच्या कपड्यांत सीटवर बसून पुन्हा ठरवा: मागे २५ ते ३० टक्के, पुढे १५ ते २०. प्रेशर वाढवलं की रीबाउंडही (दबलेलं सस्पेन्शन परत उसळण्याचा वेग) एक-दोन क्लिक मंद करा, नाहीतर जड शेपटी प्रत्येक खड्ड्यातून उसळते. बॅगेच्या वजनामुळे पोस्ट आळसावून वर येत असेल आणि ती हवेवर चालणारी असेल, तर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत थोडी हवा भरा.

मग बॅगेच्या तळाला मास्किंग टेपची पट्टी चिकटवा आणि जवळच्या खडबडीत वाटेवर दहा मिनिटं चालवा. सीट मुद्दाम पूर्ण खाली घ्या, एक-दोन लहान पायऱ्या उतरा. टेपवर काळा डाग पडला तर टायर लागतोय. बॅग वर आवळा, लहान करा किंवा ड्रॉप कमी करा. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून आत खोचा. चाकात अडकलेलं एक टोक अख्खी बॅग ओढून नेतं.

सीट खाली असताना बाइक सीटला धरून उचलू नका, विशेषतः सामानासकट. काही हायड्रॉलिक पोस्टमध्ये या ओढीने आत हवा शिरते आणि सीट स्प्रिंगसारखी दबू लागते. कुंपणावरून किंवा ओढ्यातून न्यायची असेल तर सीट वर घ्या किंवा फ्रेमला धरा. मुक्कामाला पोहोचल्यावर स्टँशन मऊ फडक्याने पुसा, सीलभोवतीची माती काढा आणि वरची कडी हाताने फिरते का बघा. फिरत असेल तर ती सोडवून, खालची धूळ पुसून मगच पुन्हा आवळा.