मोठी संख्या फोडताय? या चुका टाळा

मोठी संख्या दिसली की बहुतेक जण २, ३, ५, ७, ११ ने भाग देऊन बघतात आणि नाही गेला की "मूळ आहे" म्हणून मोकळे होतात. सगळ्यात जास्त घोळ इथेच. १०,००,००१ घ्या, शेवटी १, अंकांची बेरीज २, आणि ९७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही, पण पुढच्याच १०१ ने जातो, १०१ × ९९०१. म्हणजे वर्गमूळापर्यंत, इथे १००० पर्यंत, जावंच लागतं. त्यापुढे मात्र उगाच जाऊ नका, दोन्ही अवयव १००० च्या वर असते तर गुणाकारच मोठा झाला असता. आणि अवयव सापडला की मर्यादा परत काढा, हे लोक हमखास विसरतात. ९९०१ चं वर्गमूळ शंभराच्या आतच आहे आणि ९७ पर्यंत आपण आधीच बघितलंय, म्हणजे ९९०१ मूळ, काम संपलं.

४ ने जातो, ६ ने जातो म्हणजे २४ ने जाणारच, हे पण चूक. ३६ बघा.

विभाजक मोजताना घातांकात १ मिळवायचा राहतो. ३,६०,३६० मध्ये २ तीनदा, ३ दोनदा, आणि ५, ७, ११, १३ एकेकदा येतात, तर विभाजक ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२. सहा मूळ अवयव आहेत म्हणून सहा विभाजक असं नसतं हो.

आता एक्सेल. त्यात १५ च अंक टिकतात, ९००७१९९२५४७४०९९३ टाकलं की शेवटचा ३ गायब होऊन ० येतो, मग विषम संख्येला चक्क १० ने भाग जायला लागतो आणि आपण सूत्रात चूक शोधत बसतो. आधी सेल टेक्स्ट करून मग टाकलं तर अंक तरी नीट राहतात, पण गणित करायला पायथॉन बरं, तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो, फक्त भागाकाराला एक तिरकी रेघ नको, दोन द्या, नाहीतर उत्तर दशांशात येतं आणि परत तोच घोळ.

फर्माची टेस्ट म्हणजे एखादी संख्या पाया म्हणून घ्यायची, तपासायच्या संख्येहून एकने कमी इतका तिचा घात करायचा आणि तपासायच्या संख्येने भागून बघायचं, बाकी १ आली की पास. पण ती पास झाली म्हणजे मूळ, असंही नाही. ५६१ = ३ × ११ × १७, पण ज्या पायाला यातल्या कशानेच भाग जात नाही, त्या प्रत्येक पायासाठी ती पास होते. उलट टेस्टने "संयुक्त" सांगितलं आणि अवयव मिळत नाहीत, म्हणून टेस्टवर संशय घेऊ नका. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केलेली संख्या मूळ नाही हे फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्येच दाखवलं होतं, अवयव मात्र अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये दिले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. गुणून ताळा बघा हवं तर, पण एक्सेलमध्ये नको, उत्तर २१ अंकी आहे.