गरोदरपणात बीपीची गोळी: कोणती चालते, कोणती बदलायची

गोळ्यांच्या पट्टीवर ठळक छापलेलं नाव कंपनीने दिलेलं असतं. वाचायचं ते बारीक अक्षरातलं घटकाचं नाव. त्याच्या शेवटी 'प्रिल' (एनालाप्रिल, रामिप्रिल) किंवा 'सार्टन' (टेल्मिसार्टन, लोसार्टन) असेल तर गोळी बदलावी लागते. टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन एकत्र असलेल्या गोळीत ते हमखास नजरेतून सुटतं. ही औषधं वारेतून बाळाच्या मूत्रपिंडापर्यंत जातात. चौथ्या महिन्यानंतर गर्भजल बहुतांशी बाळाच्या लघवीचंच असतं. मूत्रपिंड मंदावलं की पाणी आटतं आणि फुफ्फुसांची वाढ खुंटते. म्हणून मूल हवं असेल तर बदल आधीच करून घेतलेला बरा. गोळी चालू असताना दिवस गेलेच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून दुसरी सुरू करावी. मनानेच सगळं बंद करून बसणं तितकंच घातक.

सहसा लॅबेटालॉल, हळूहळू विरघळणारी निफेडिपिन किंवा मिथिलडोपा देतात. दमा असेल तर लॅबेटालॉल टाळतात, तेव्हा ते आधी सांगा. हळूहळू विरघळणारी निफेडिपिन तोडू, चावू नये: औषध एकदम रक्तात उतरतं, बीपी कोसळतं आणि वारेकडे रक्त कमी जातं. तिने डोकंही दुखतं, पण 'गोळीमुळेच असेल' असं धरून चालू नका. आधी बीपी मोजा.

मोजण्यापूर्वी लघवीला जाऊन या, पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवा. पट्टा दंडाच्या मापाचाच हवा. लहान पडला तर आकडा फुगतो. एका मिनिटाने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे लिहा. मधल्या महिन्यांत बीपी आपोआप थोडं उतरतं, ते बरं झाल्याचं लक्षण नव्हे. चुकलेल्या गोळीपायी पुढच्या वेळी दोन घेऊ नका. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.

वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 गाठला आणि 15 मिनिटांनी तसाच राहिला, तर थेट रुग्णालय गाठा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप लागणं यांपैकी काही असेल तर आकडा कमी असला तरी निघा.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं, नेमकं घरी परतल्यावर. तेव्हाही मोजणं चालू ठेवा. मिथिलडोपाने मन उदास होऊ शकतं, म्हणून ती बहुधा या दिवसांत बदलतात. अंगावर पाजताना एनालाप्रिल मात्र डॉक्टर देऊ शकतात.