गिअर सरकत होता, दोष वायरीचा निघाला
पावसाळ्यात फर्मागुडीच्या चढावर माझ्या सायकलचा मागचा गिअर आपोआप सरकायचा. आधी मी ‘एच’ आणि ‘एल’ स्क्रू पिळत बसलो, तेच चुकलं. ते स्क्रू डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, दोन्ही टोकांना कुठवर जाईल एवढंच ठरवतात, मधल्या गिअरांशी त्यांचा संबंध नाही. मग गिअरची वायर सोडवून ओढली तर करकरत आली. मागच्या वळणातल्या कव्हरच्या तोंडाशी ती पार तांबेरली होती, आत पाणी. आपल्या गोव्यातली दमट हवा लोखंडाला सोडत नाही!

वायर, कव्हर दोन्ही बदललं. चेन सर्वांत लहान चक्रावर ठेवून वायर ताणून आवळली, गिअरच्या लिव्हरला एक क्लिक दिला. चेन पुढच्या चक्रावर चढेना, म्हणून वायरीचा ताण कमी-जास्त करणारा ॲडजस्टर पाव-पाव फेरा घड्याळाच्या उलट फिरवला. तिसऱ्या खेपेला चेन टक्कन बसली. तो आवाज ऐकून फार बरं वाटलं.