जुन्या विंडोज ३.१ वर नेटस्केप चालत नसेल तर

हौसेने जपलेल्या जुन्या पीसीवर कधी काळी एओएल ही फोनवरून इंटरनेट देणारी अमेरिकन सेवा असेल, तर नेटस्केप ब्राउझरला दोष देण्याआधी विंडोज फोल्डरमधली विनसॉक.डीएलएल फाइल बघा. नेटस्केप, एफटीपी, टेलनेट हे सगळे प्रोग्राम नेटवर्कसाठी याच नावाची फाइल शोधतात. एओएलने दिलेली प्रत स्वतः फोन लावत नाही. आधी एओएलमध्ये साइन ऑन करून ती खिडकी उघडी ठेवली, तरच ती बाकीच्यांना वाट देते. एओएलची डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद झाली, तेव्हा ती प्रत आता तशी निरुपयोगीच.

फाइल पुसू नका, नाव बदलून विनसॉक.एओएल करा. मग ऑस्ट्रेलियातल्या पीटर टॅटम यांच्या ट्रम्पेट विनसॉक या प्रोग्राममधली विनसॉक.डीएलएलची १६-बिट प्रत तिथे ठेवा. सिस्टम फोल्डरही तपासा. दुसरी प्रत बहुधा तिथेच दडलेली असते. त्यानंतर विंडोज बंद करून पुन्हा सुरू करा, कारण मेमरीत आधीच चढलेली डीएलएल असेल तर १६-बिट विंडोज तीच वापरत राहते. हे लोक हमखास विसरतात आणि मग उगाच मोडेमची केबल हलवत बसतात! ३२-बिट प्रोग्राम मात्र ही फाइल थेट वापरू शकत नाहीत.