स्मॉल-ब्लॉक शेवरलेच्या पुशरॉडची लांबी कशी मोजावी

पुशरॉड म्हणजे कॅमवरच्या टॅपेटची हालचाल वर रॉकरला पोचवणारी दांडी, रॉकर मग व्हॉल्व्ह दाबून उघडतो. १९५५ साली आलेल्या शेवरलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ मध्ये फ्लॅट टॅपेटसोबतचा मूळ पुशरॉड साधारण ७.८ इंचांचा असतो, रोलर टॅपेटसोबतचा ७.२ च्या आसपास. हे आकडे हात न लागलेल्या इंजिनाचे. हेड घासलं की तोच पुशरॉड लांब पडतो, लहान बेस सर्कलचा (कॅमचा उंचवटा नसलेला गोल भाग) कॅम घातला की आखूड. व्हॉल्व्ह, गास्केट, टॅपेट किंवा रॉकर बदलला तरी आधी मोजा, मग पुशरॉड मागवा.

लांबी कमी-जास्त करता येणारा मापाचा पुशरॉड, व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंगांऐवजी घालायला दोन हलक्या स्प्रिंगा आणि एक सॉलिड टॅपेट लागेल. हायड्रॉलिक टॅपेट मोजताना आत दबतो आणि सगळं माप खोटं ठरतं.

हेडखाली दबल्यावर नव्याइतकीच जाडी राहील असं गास्केट घालून बोल्ट पूर्ण टॉर्कवर आवळा. सगळे स्पार्क प्लग काढा. इंजिन चालण्याच्या दिशेनेच फिरवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक टॅपेट बेस सर्कलवर असतो, तेव्हा इनटेकच्या रॉकरचा नट जुळवा. इनटेक पूर्ण उघडून जवळजवळ मिटत आला की एक्झॉस्टचा. पुशरॉडला वर-खाली खेळ नको, पण बोटांत तो फिरला पाहिजे.

आता व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करने काळं करा, क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि रॉकर काढा. रॉकरच्या टोकावरच्या रोलरने घासून एक चकचकीत पट्टा उमटलेला दिसेल. त्याची रुंदी बघा. पट्टा टोकाच्या मधोमध आणायचा म्हणून लांबी बदलत बसणं ही सर्रास होणारी चूक आहे. मध्य बऱ्याच अंशी रॉकर आणि स्टडच्या (रॉकर ज्यावर बसतो तो आट्यांचा खांब) जागेवर ठरतो. पुशरॉडची लांबी बोलते ती रुंदीतून. लांबी बरोबर असेल तर अर्ध्या लिफ्टला (व्हॉल्व्ह निम्मा उघडल्यावर) रॉकरच्या पिव्हटपासून रोलरच्या मध्यापर्यंतची रेषा व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात येते. रोलर थोडा बाहेर सरकतो आणि तेवढाच परत येतो, म्हणून पट्टा सर्वांत अरुंद. पुशरॉड फार लांब असेल तर उघडताना रोलर पिव्हटकडेच सरकत राहतो, फार आखूड असेल तर बाहेरच. दोन्हींत पट्टा रुंद होतो आणि व्हॉल्व्ह गाइडवर बाजूने रेटा येऊन ते लवकर झिजतं.

दर खेपेला ०.०५० इंच बदला, नट पुन्हा जुळवा, पुन्हा काळं करा. मापाच्या पुशरॉडला इंचाला २० आटे असतील तर एक फेरा म्हणजे बरोबर ०.०५०. मिटलेल्या ७.५०० वर साडेचार फेरे उघडले तर माप ७.७२५.

इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट बसणार असेल तर या मापात त्याचा प्रीलोड (टॅपेट आधीच जितका दाबून ठेवायचा ते अंतर) मिळवा. किती, ते टॅपेटच्या कागदावर असतं. ३/८ इंची, २४ आट्यांच्या स्टडवर नट अर्धा फेरा आवळला की पिव्हट ०.०२१ इंच खाली येतो, पण १.५ रेशोच्या रॉकरमुळे टॅपेट सुमारे ०.०३५ दबतो. लांबी न वाढवता नुसता नट आवळला तर जुळवलेली भूमिती बिघडते.

ऑर्डर देताना माप कसं घेतलंय ते विक्रेत्याला स्पष्ट सांगा. ५/१६ इंची गोल टोकाला ०.१०० इंचाचं तेलाचं छिद्र असेल तर दोन्ही टोकं मिळून ०.०१६ इंच कापली जातात. काहीजण लांबी छिद्र धरून सांगतात, काहीजण गोळा पूर्ण आहे असं समजून. आलेला पुशरॉड आधी एकाच व्हॉल्व्हवर घालून पट्टा तपासा. तो गाइड प्लेटला (पुशरॉडला जागेवर धरणारी पट्टी) सोडून हेडच्या भोकात कुठे घासत नाही ना, रॉकर रिटेनरला (व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरची टोपी) लागत नाही ना, हेही पूर्ण लिफ्टला बघून घ्या.