पोकेमॉन कार्डांची पहिली स्पर्धा: नाशिकहून निघताना
आधी पोकेमॉनच्या संकेतस्थळावर प्लेयर आयडी, म्हणजे खेळाडू म्हणून तुमचा क्रमांक, काढा. तिथेच जवळच्या स्पर्धा शोधायचा इव्हेंट लोकेटर आहे. त्यात नाशिक टाका, मग मुंबई-पुणेही बघा. मुंबईला मी पंचवटी एक्सप्रेसने जाते, डेकचा, म्हणजे खेळायच्या कार्डांच्या गठ्ठ्याचा, डबा मांडीवर घेऊन.

डेक नेमका ६० कार्डांचा. एका नावाची फार तर ४ कार्डं, बेसिक एनर्जी (पोकेमॉनला हल्ल्यासाठी लागणारी साधी ऊर्जा-कार्डं) सोडून. डेकमधल्या कार्डांची यादी आदल्या रात्रीच लिहून ठेवा. आणि स्लीव्हज, कार्डांवर चढवायची प्लास्टिकची पाकिटं! माझ्या पहिल्या स्पर्धेत एका स्लीव्हचा कोपरा दुमडलेला होता. पाठीवरून कार्ड ओळखू येतं, म्हणून जजनी टोकलं. पोटात गोळाच आला. आता सगळ्या स्लीव्हज नव्या, एकाच पॅकमधल्या वापरते, वर पाच जादा.

स्विस फेऱ्यांत हरलात तरी बाद होत नाही. पुढे साधारण तुमच्याइतक्याच गुणांचा खेळाडू समोर येतो. तेव्हा पहिल्या हारेनंतर उठून जाऊ नका.