डायलिसिस लागणार म्हणाले? मग आधी हात सांभाळा

डॉक्टरांनी डायलिसिसचं नाव काढलं की घरचे सगळे मशीनच्याच चौकशीत अडकतात, पण त्याच्या कितीतरी आधी एक काम असतं, हाताच्या शिरा वाचवायचं. आपण कामाला जो हात कमी वापरतो त्यात सहसा फिश्चुला करतात, म्हणजे छोट्या ऑपरेशनने शीर धमनीला जोडतात, मग ती फुगून जाड होते आणि मशीनला पुरेल एवढं रक्त तिच्यातून मिळतं. पण हे व्हायला दीड-दोन महिने जातात, कधी त्याहून जास्त, म्हणून रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा कचरा) चढत चाललंय दिसलं की फिश्चुलाचं तुम्हीच विचारा, आणि तोवर त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईनही लावू देऊ नका. उशीर झाला तर ऐनवेळी मानेतल्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, टाकावं लागतं, त्यात इन्फेक्शनचा धोका खूप, थंडी वाजून ताप आला की लगेच सांगायचं.

फिश्चुला झाला की रोज त्यावर बोटं टेकवून बघा, आत मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. ती लागेनाशी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, उद्यावर टाकू नका, गुठळी झालेली असू शकते. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, घट्ट घड्याळ-बांगडी नाही, झोपताना तो अंगाखाली नाही.

मशीनवर साधारण आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास बसावं लागतं. किडनी रात्रंदिवस करते ते काम 12 तासांत उरकायचं, म्हणून मधल्या दिवसांत पाणी आणि मीठ दोन्ही आवरा. 1 लिटर पाणी साचलं की वजन 1 किलोने वाढतं, आणि ते सगळं एका बैठकीत ओढलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात. आणि प्लीज सेशन चुकवू नका, रक्तातलं पोटॅशियम चढलं तर हृदय बंद पडू शकतं, बरेचदा आधी काही जाणवतही नाही.

घरी करायचं असेल तर पोटाचं डायलिसिस आहे, सीएपीडी. पोटात नळी बसवतात, तिच्यातून डायलिसिसचं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी बाहेर काढायचं, अशी साधारण 2 लिटरची पिशवी दिवसातून 4 वेळा बदलायची. यात खरी मेहनत स्वच्छतेची, मास्क लावून, हात नीट धुऊन, पंखा बंद करून. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं तर ती पिशवी फेकू नका, सोबत घेऊन तडक हॉस्पिटलला जा, तपासणी त्याच पाण्याची करतात.